तेरा बहमन

तेराशे तीस साली जन्मलेला माणूस एकोणीसशे चोपन्नमध्ये अर्ज कसा काय करतो, असं विलायतेच्या पत्रात विचारलं होतं. अगदी अदबीनं विचारलं होतं, पण विचारलं होतं.

श्रीनिवासनं पत्र तीनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तो औरंगाबादच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचा. इंग्लंडातल्या त्या विद्यापीठात घरबसल्या पीएच.डी. करायची सोय होती. प्रबंध इथंच लिहायचा, टपालानं पाठवायचा. चार वर्षं पत्रं लिहून लिहून त्यानं त्या लोकांना राजी केलं होतं आणि ऐन अर्जात गाढवपणा करून बसला. जोडलेला शाळेचा दाखला निजामाच्या अमदानीतला, उर्दूतला. त्याचं इंग्रजी केलं खरं, पण महिना आणि सन निजामी फसली कालगणनेतलेच राहिले. तेरा बहमन तेराशे तीस! पोलीस ॲक्शनला सहा वर्षं झाली, निजामाचं राज्य गेलं, तरी घरोघरच्या पेटीतले कागद अजून फसलीतच होते. इथं कुणाच्या डोळ्याला खटकणार?

प्रबंधाचा विषय होता दौलताबाद, तुघलकानं तिथं राजधानी आणली तो काळ.

"मग अडलं कुठं?" शिक्षकांच्या खोलीत बद्रीनाथ मास्तर म्हणाले. "तेराशे तीस म्हणजे तुघलकाचाच जमाना. तुम्ही तर सगळं डोळ्यांनी पाहिलंय, श्रीनिवासराव!"

सगळे खो खो हसले. श्रीनिवासला हसू येईना. डिसेंबर संपायच्या आत इंग्रजी जन्मतारखेचा हलफनामा, म्हणजे शपथेवरचा कागद, पोचला नाही तर अर्ज रद्द, आणि पुढच्या सालापासून ही सोयच बंद होणार होती.

इंग्रजी सन काढायला फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे की एक्क्याण्णव? बद्रीनाथ मास्तर म्हणत नव्वद, हेडमास्तर म्हणत एक्क्याण्णव. कचेरीतला म्हातारा मुन्शी म्हणाला, "महिना देखना पडता, जनाब," आणि बोटं मोजून त्यानं सतरा डिसेंबर एकोणीसशे वीस काढून दिली. श्रीनिवास आणखीच घोटाळ्यात पडला. कारण आई त्याला दरवर्षी नागपंचमीला वाढदिवस म्हणून ओवाळायची. कुठं श्रावण अन् कुठं डिसेंबर! शाळेतल्या मास्तरानं मनाला येईल ती तारीख ठोकून दिली असणार, असं तो आजवर धरून चालला होता. पण तारीख खोटी असेल तर हलफनामा कसा करायचा? आणि खरी असेल तर ही नागपंचमी आली कुठून?

"आई, मी नेमका कधी झालो गं?"

त्याची आई, यमुनाबाई, तांदूळ निवडत होती. "तू झालास तेव्हा धो धो पाऊस. घर गळत होतं. माझी बाज चारदा हलवली."

"अगं, पण सन कोणता?"

"मला मेलीला काय सन कळतात?" असं म्हणून ती सूप घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

हलफनाम्यावर शिक्का तहसीलदारांचा लागायचा, आणि ते नागपूरकडून नवे आलेले. फसली म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "हा हिशेब मला समजत नाही," ते म्हणाले. "वडील असतील तर आणा."

"वडील वारले, साहेब."

"मग आईला आणा. शपथेवर सांगू द्या."

झालं! आईला खोटं बोलणं जमायचं नाही. दारी आलेल्या नकोशा पाहुण्यालाही तिनं कधी 'घरात कुणी नाही' म्हणून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मुन्शीनं शपथ दिली. तहसीलदारांनी कागद समोर धरला.

"बाई, तेरा बहमन तेराशे तीस या दिवशी तुमचा मुलगा श्रीनिवास जन्मला, हे खरं?"

आई कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. गेलं सगळं, श्रीनिवासला वाटलं. चार वर्षं पाण्यात.

"खरं आहे," आई म्हणाली. "त्या दिवशी माझा श्रीनिवास जन्मला. पहाटे. थंडी इतकी, की उशाशी शेगडी ठेवली होती."

शिक्का बसला. श्रीनिवासनं तिथंच पाकीट बंद केलं आणि दोघं पोस्टाकडं निघाले. आनंद व्हायला हवा होता. पण त्याला काहीच कळेनासं झालं होतं. पोस्टाच्या पेटीपाशी येऊन तो थांबला.

"आई, माझ्यासाठी शपथेवर खोटं बोललीस?"

"खोटं कशाला बोलू?"

"मग तो पाऊस? ते गळकं घर?"

"तुझ्या वेळी पाऊसच होता रे. थंडी त्याच्या वेळी होती."

"कुणाच्या?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "तुझ्या आधीच्या श्रीनिवासच्या. अडीच वर्षांचा होता, तापानं गेला. आजोबांचं नाव चालवायचं म्हणून तुझंही तेच ठेवलं. तुला शाळेत घालताना मास्तरांनी जन्माचा कागद मागितला. पेटीत त्याचाच होता. तुझ्या वडिलांनी तोच दिला."

श्रीनिवास सुन्न झाला. मॅट्रिक, बी.ए., एम.ए., नोकरी, सगळीकडं तीच तारीख. इतिहासाचा मास्तर, आणि स्वतःच्या घरचा एवढा इतिहास ठाऊक नव्हता! त्यानं पाकीट मागं घेतलं.

"हे नाही पाठवता यायचं, आई. ही तारीख माझी नाहीच."

आईनं त्याचा हात धरला आणि पाकिटासकट पेटीच्या तोंडाशी नेला.

"तुझ्याबरोबर तोही शिकत आला, बाळा. आता मधूनच त्याचं नाव शाळेतून काढू नकोस."