तिसरं पेडल

"साहेब, बेस मॉडेलमध्ये अडकू नका," शोरूममधला सेल्समन गाडीच्या खिडकीतून वाकून म्हणाला. "टॉपमध्ये दीडशे हॉर्सपॉवर जास्त आहे. शिवाय गिअर आपोआप पडतात, क्लचची भानगडच नाही."

"ती भानगडच हवीये मला!" मी खेकसलो. घाटात स्वतः गिअर टाकत चालवीन म्हणून वीस वर्षं या गाडीचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं.

मी डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. पेडल अर्ध्यावरच थांबलं. पुन्हा दाबला. मांडी थरथरायला लागली, कपाळावर घाम आला, पण पेडल खाली जाईना. एकदाच जा रे, फक्त एकदा, मी मनातल्या मनात पायाला विनवलं. शेवटी गुडघ्यावर हात रोवून सगळं वजन टाकलं. पाय पेडलवरून घसरला.

शेजारच्या सीटवर माझी बायको मृदुला समोर बघत बसली होती. पायाचे स्नायू आता झिजतच जाणार, असं डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं, तेव्हाही ती अशीच समोर बघत होती.

"टॉपच द्या," ती सेल्समनला म्हणाली. "यांना पहिल्यापासून सगळ्यात भारीच लागतं."

"अभिनंदन साहेब! हौस करावी तर अशी!" त्याने दार उघडून हात पुढे केला.

तो हातात घ्यायला माझा एकही हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी मी डावा पाय उचलून गाडीबाहेर ठेवत होतो.