मापाचा टायर

“तीन टायर ठणठणीत आहेत, चौथा कुठल्याही मापाचा बसवा की!” गिऱ्हाईक घाईत होतं. “मुलीची गाडी आहे. चार दिवस चालवेल, मग बदलू.”

टायरवाले काका हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, “लहान चाक भराभर फिरतं. गाडीला वाटतं, बाकीची तिन्ही अडकताहेत. गोंधळून एबीएस नांगी टाकतं, पिवळा दिवा लागतो. मग करकचून ब्रेक मारला की चाकं जाम. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.”

“अहो, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे! मग तो वर टांगलेला द्या ना. मापाचाच दिसतोय.”

“तो माझ्या लेकीच्या गाडीसाठी मागवला होता.”

“मग तिला सांगा, चार दिवस थांब म्हणावं.”

“मीही तिला तुमच्यासारखंच म्हणालो होतो,” काका म्हणाले. “चार दिवस चालव, मग बदलू.”

काकांनी स्टूल ओढलं, टायर खाली काढला आणि त्याच्यावरची दोन वर्षांची धूळ पुसायला घेतली.