टेपचं दुमडलेलं टोक

आईच्या नव्या घरातला दिवा स्विच दाबला की लुकलुकायचा. लेक वायरमन, बाबांच्या हाताखाली शिकलेली. सकाळी तिनं स्विच खोलून पाहिला, तो ठणठणीत होता. खोट निघाली दारावरच्या जंक्शन बॉक्समध्ये. तिथली एक वायर सुटली होती. टेप संपलेली, म्हणून मेन स्विच बंद करून ती दुकानात गेली.

ती परत आली, आईनं स्टूल धरलं. तिनं वर चढून झाकण काढलं, तर वायर घट्ट पिळलेली. वर नवी टेप, आणि टेपचं टोक आत दुमडलेलं. पुढच्या माणसाला सोडवताना नखं मोडायला नकोत, म्हणून असं टोक फक्त बाबा ठेवायचे. आणि हे घर घेण्याच्या दोन वर्षं आधीच ते गेले होते.

"आई, कोणाला बोलावलंस का गं?"

"नाही बाई. मघाशी हाक आली, 'अगं, जरा स्टूल धर.' धरलं मी."

"वर कोण होतं?"

आईनं खालून स्टूल आणखी घट्ट धरलं.

"वर नाही बघितलं मी," ती हळूच म्हणाली. "बघितलं असतं, तर ते लगेच उतरून गेले असते."