पिरो दाम्ब यांचं हार्दिक स्वागत

"आत्ताच ज्यांचं आगमन झालंय, असे आपले लाडके मा. श्री. ग्रॉबेल थुन! दोन्ही परिवारांतर्फे त्यांचं हार्दिक स्वागत!"

दौंडच्या मंगल कार्यालयात निवेदक इलाहीचा आवाज घुमला आणि तिसऱ्या रांगेतले हौसराव अधांतरी राहिले. आता आपलंच नाव येणार म्हणून टोपी सारखी करून त्यांनी अर्धं बूड खुर्चीवरून उचललं होतं. त्यांच्या नावाची चिठ्ठी इलाहीच्या हातात पडलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. मग हा थुन कोण मधेच घुसला?

न्हावऱ्याच्या दूध संस्थेच्या निवडणुकीचं पॅनल याच आठवड्यात ठरणार होतं. ठरवणारे पुढारी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. त्यांना माणसं तोंडानं कळत नाहीत, माईकवरच्या नावानं कळतात. आणि हौसरावांचं नाव माईकवर आजवर कधी आलं नव्हतं.

थुनसाहेब काही उठले नाहीत. नवरीकडच्यांना वाटलं, नवऱ्याच्या दौंडकडचं बडं प्रस्थ असेल. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीच्या शिरूरकडचं. दोन्हीकडून टाळ्या पडल्या.

"डॉक्टर येस्का मॅडम! आपलंही स्वागत!"

पुन्हा टाळ्या. बायकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटायला लागल्या. भटजींनी घड्याळाकडं बघितलं. इलाहीनं भटजींकडं बघितलंच नाही.

हौसरावांनी शेजारच्या पोपटरावांना कोपर मारलं. पोपटरावही न्हावऱ्याचेच आणि पॅनलात घुसायला तेही टपलेले. "कोन वो ही मंडळी?"

"आसं काय करता? थुन सायेब म्हाईत न्हाईत तुम्हाला?" पोपटराव सोफ्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. "परवाच चा झाला आमचा."

"व्हय व्हय," हौसराव म्हणाले. "जरा वाळल्यात."

"मा. श्री. झुम्बार सत्रा! पोचले नसतील, तर त्यांच्या वतीनं जवळच्या माणसानं फेटा स्वीकारावा."

पोपटराव उठले ते थेट स्टेजवरच. डोक्यावर भगवा फेटा चढला. सोफ्यावरच्या पुढाऱ्यांनी नाव विचारून हात मिळवले.

तेवढ्यात हौसरावांची सून सविता बायकांमधनं वाकत वाकत आली.

"मामा, चिठ्ठी कशावर लिवली तुम्ही?"

"तुझ्या वहीचं पान फाडलं. का गं?"

"त्यो बाबा मागची बाजू वाचतोय! ती माझी यादी हाय!"

"कसली यादी?"

"मी ती अंतराळयानाची मालिका बघते न्हवं का? तिच्या पोटातनं दुसऱ्या गोष्टी निघाल्यात. त्यातली माझी आवडती मानसं. मोबाईलच्या ग्रुपवर टाकायची व्हती."

हौसरावांना काही केल्या उलगडेना. "म्हंजी थुन सायेब..."

"यानाचा आचारी. हिरवा हाय."

"आन् पोपटरावानं फेटा घेतला, त्यो?"

"यंत्राचा मानूस. दार उघडतो आन् झाकतो."

"पण माईकवर नाव येन्याइतकी मोठी हायेत व्हय ही?"

"कशाची मोठी! मूळ मालिकेत ह्यांना कुनी इचारीत न्हाई. समदा हिरोच. ही आपली मागं उभी. म्हणून तर त्यांची येगळी गोष्ट काढली."

हौसरावांनी पोपटरावांच्या फेट्याकडं बघितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आजून कोन उरलंय का यादीत?"

"एकच. पिरो दाम्ब. भांडी घासतो. पन शेवटाला समद्यांना त्योच वाचिवतो."

"मा. श्री. पिरो दाम्ब!" इलाही गरजला.

चिठ्ठी आपली, वही आपल्या घरची आणि फेटा पोपटरावाच्या डोक्यावर! हौसराव उठले.

"मामा, खाली बसा!" सवितानं बाही ओढली. बाही सुटली, हौसराव स्टेजवर पोचले.

"दाम्ब साहेबांच्या वतीनं का?" इलाहीनं विचारलं.

"न्हाई," हौसराव म्हणाले. "मीच."

फेटा चढला. पोपटराव अजून स्टेजवरच रेंगाळत होते. त्यांचं तोंड उघडलं. पण सोफ्यावरच्या पुढाऱ्यांनी खालून विचारलं, "हे बी तुमच्या वळखीचे का, पोपटराव?"

पोपटरावांनी तोंड मिटलं. "हायेत की. लय जुनी वळख." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढारी उठून आले. त्यांनी हौसरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "दाम्ब सायेब, न्हावऱ्याला या कवातरी. तिथं तुमच्यासारख्या मानसांची लय गरज हाय."

हौसरावांनी फेटा सावरला. "येतो की," ते म्हणाले. "नक्की येतो."

भटजींनी अंतरपाट धरायला सांगितलं. इलाहीनं चिठ्ठी खिशात घालता घालता उलटी केली.

"थांबा, थांबा! मागं आजून एक नाव हाय. कुनी राहायला नको. न्हावऱ्याचे मा. श्री. हौसराव आप्पा! असतील तिथनं त्यांनी स्टेजकडं यावं!"

"कोन हौसराव?" पुढाऱ्यांनी विचारलं.

मांडवभर माना वळल्या. फेट्यातल्या हौसरावांनीही मान वळवली. तिसऱ्या रांगेत त्यांची खुर्ची मोकळी होती.