जांभळी रेघ

“हात खाली सोडा. पोट आत ओढू नका. जसं आहे तसं दिसू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी जांभळ्या पेनाचं टोपण काढलं.

धाकटी जाऊ कमरेपर्यंत उघडी, खोलीच्या मधोमध उभी होती. थोरली तिचा गाऊन हातावर घेऊन कपाटाला टेकली होती. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून तिला आणलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती येणारच, असं घरात सगळे धरूनच चालले होते.

“झोपवून नाही का काढत?” धाकटीनं विचारलं.

“झोपलं की कातडी पसरते. बसलं की घड्या पडतात. रेघ उभ्यानंच काढायची.”

एक रेघ स्तनांच्या खालच्या घडीतून गेली. दुसरी बेंबीच्या बरीच वर, कमानीसारखी. “या दोन रेघांमधली सगळी कातडी जाईल. खालची वर ओढून घेऊ, टाके या घडीत लपतील. स्तनही याच चिरेतून उचलून घेते. एकाच भुलीत दोन कामं. बेंबीखालचं मात्र आहे तसंच राहील, कबूल ना?”

“कबूल. त्याच्याशी माझं भांडण नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या. थोरलीही हसली, म्हणजे तोंड तेवढं तसं केलं.

वर्षभर दोघी सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत होत्या. कल्पना थोरलीची. धाकटीला अंथरुणातून ओढून काढायची तीही थोरलीच. दोघींची वजनं उतरली आणि दोघींची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. फरक एवढाच, की धाकटी एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, “मला हे नकोसं झालंय, मी काढून घेणार,” आणि तिचा नवरा म्हणाला, “घे की.” झालं. थोरलीनंही आपल्या नवऱ्यापाशी आडून आडून विषय काढून पाहिला होता. टीव्हीवरची नजर न हलवता तो म्हणाला, “तुला गं कशाला? आता या वयात कुणाला दाखवायचंय?” वाईट मनानं म्हणाला नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

आज सकाळी सिस्टरनं धाकटीचा रक्तदाब घेतला, तेव्हा थोरली मनात म्हणत होती, चढू दे, चांगला चढू दे, आज नाही जमणार म्हणू देत. रक्तदाब काही चढला नाही. आत जळून नुसती राख होत होती बाई, आणि वर धाकटीची वेणी घालून देत होती.

स्ट्रेचर आलं. धाकटीच्या नवऱ्याला काय करावं सुचेना, तर त्यानं तिच्या चपला उचलल्या आणि दोन हातांत दोन घेऊन तो स्ट्रेचरमागून चालत गेला. थोरलीला त्या चपलांचा ऑपरेशनपेक्षा जास्त हेवा वाटला.

खोली रिकामी झाली. पेन टेबलावरच राहिलं होतं.

ते घेऊन ती बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली. प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. टॉपची कड दातांत धरून तिनं एक रेघ घडीत काढली, एक पोटावर. मग उठून मधली कातडी दोन्ही मुठींत गोळा करून वर ओढली आणि आरशात पाहिलं. तिला ते हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, धाकटीच्या आधी हवं होतं.

मग साबण लावला. पुन्हा लावला. पोट लाल झालं, रेघ जांभळीच.

बाहेर येऊन तिनं सिस्टरला सहज विचारावं तसं विचारलं, “ती पेनाची शाई कशानं जाते हो?”

“का, कपड्याला लागली?”

“हो. थोडीशी.”

“कपड्याची विसरा आता. अंगाची जाते चार-पाच दिवसांत.”

दुपारी धाकटीला खोलीत आणलं. छातीपासून पोटापर्यंत पट्ट्याच पट्ट्या. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, असं सिस्टर बजावून गेली. नवरा औषधं आणायला खाली गेला होता.

“ताई, पडदा ओढता का? डोळ्यांवर ऊन येतंय.”

पडदा पलंगाच्या उशाशीच होता आणि त्याचं वरचं कडं अडकलं होतं. ते सोडवायला थोरलीनं दोन्ही हात उंच केले. टॉप वर सरकला. पोटाला पंख्याचा वारा लागला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. धाकटीचं तोंड तिच्या पोटाच्या बरोब्बर उंचीला होतं.

धाकटीची नजर रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

“ताई,” ती म्हणाली. भुलीनं जीभ जड झाली होती. “बसून काढलीत ना?”

थोरली कड्याकडंच बघत राहिली.

“एका बाजूला घसरलीय. डॉक्टर संध्याकाळी येतील. तेव्हा उभ्या राहा.”

कडं केव्हाच सुटलं होतं. थोरली तशीच उभी होती, हात वर करून, पोट आत न ओढता.