झिरो बघा, साहेब

"झिरो बघा, साहेब," सुलक्षणा म्हणाली आणि तिने साध्या पेट्रोलचं नोझल उचललं.

साहेबाने झिरो बघितला नाही. तो कधीच बघत नसे. पोपटी रंगाची बुटकी स्पोर्ट्स कार, अर्धी खाली केलेली काच, स्टिअरिंगवर दोन्ही हात, नजर समोर. पहिल्या रविवारी तो "हंड्रेड, फुल" एवढं तरी बोलला होता. त्यानंतर नुसतं "फुल". मग खिडकीतून कार्ड. बिल नको.

हंड्रेड म्हणजे शंभर ऑक्टेनचं, महागातलं पेट्रोल. असल्या गाड्यांना तेच लागतं. त्याचं नोझल लाल, साध्याचं हिरवं, दोन्ही एकाच मशिनला शेजारी शेजारी. अकरा महिने, दर रविवारी सकाळी, सुलक्षणाचा हात हिरव्यावर जात होता.

"गेला गं तुझा हिरो!" गाडी बाहेर पडली तशी शेजारच्या मशिनवरून माधुरी ओरडली. "माझी लाइन रिकामी, तरी मेला तुझ्याच रांगेत उभा. काचेवर जुहूच्या सोसायटीचा स्टिकर आहे त्याच्या. जुहूपासून इथवर चार पंप लागतात, बाई! काय जादू केलीस?"

"तुझं तोंड बघून घाबरत असेल."

माधुरी खळखळून हसली. ती पंपावर नवी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी हीच गाडी दिंडोशीच्या चढावर सिद्धेशच्या स्कूटरला धडकली होती. सुलक्षणाचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. मरोळच्या गॅरेजमधून काम संपवून घरी येत होता, पिशवीत रिकामा डबा होता. गाडी चालवणारा देवव्रत गेल्या वर्षी पुराव्याअभावी सुटला. सुलक्षणा प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसली होती. त्याने एकदाही मान वळवून मागे बघितलं नाही. निकालाच्या दिवशी वकिलाने त्याला बाजूच्या दाराने नेलं.

आणि पंधरा दिवसांनी गाडी तिच्याच मशिनसमोर येऊन उभी राहिली. नंबर तिला पाठ होता. तिच्या डोक्यावर पंपाची टोपी, तोंडाला मास्क. त्याने तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता.

पेट्रोलचा पाइप तिच्या हातात होता. एक काडी ओढायला कितीसा वेळ लागतो? पण तिला सिद्धेशचं बोलणं आठवलं. जेवताना गॅरेजच्या गोष्टी सांगायची खोडच होती त्याला. "आई, अशा गाडीला साधं पेट्रोल पाजलं ना, की आधी पिकअप जातो. पाजतच राहिलं की इंजिन आतल्या आत ठोकायला लागतं. मालकाला वाटतं सगळं झकास. आणि एक दिवस पिस्टनची पार वाट!"

तिने हिरवं उचललं.

तेव्हापासून रविवारी दुपारी ती घरी आली की दत्ताराम टीव्हीवरची नजर न काढता विचारायचा, "इलो?"

"आला."

"घातलंस?"

"घातलं."

एवढंच. नवरा-बायकोत आठवड्याचं तेवढंच बोलणं उरलं होतं. बाकीचे सहा दिवस भांडी वाजायची.

मग एका रविवारी, गाडी पंपाबाहेर पडून चढाला लागली तेव्हा सुलक्षणाने आवाज ऐकला. बारीक, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं. तिने दत्तारामला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला, पिशवी उचलली आणि बाजारातून बांगडे घेऊन आला. चार वर्षांनी त्या घरात रविवारचं कालवण शिजलं.

पुढच्याच शनिवारी मॅनेजर अण्णांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सुलक्षणा, तुझ्या मशिनचं हंड्रेड रविवारी हलतच नाही. ती पोपटी गाडी येते ना दर रविवारी? मग पिते काय, पाणी?"

अण्णांनी विक्रीची वही मिटली.

"उद्या मी स्वतः उभा राहणार आहे. चुकीचं पेट्रोल घालतेस असं दिसलं तर घरी बसायचं. वर त्याने तक्रार केली तर पोलीस. तुझं दुःख मला कळतं गं, पण पंप मला चालवायचाय."

"हो," ती म्हणाली.

नोकरीचं तिला फारसं काही वाटलं नाही. दुसरी मिळाली असती, नाहीतर चार घरची भांडी होतीच. पण पंप सुटला की रविवार सुटणार होते. मग दत्तारामने काय विचारायचं, आणि तिने काय सांगायचं?

रविवारी सकाळी गाडी आली. आत वळतानाच खडे वाजत होते. माधुरीची लाइन रिकामी होती. गाडी सुलक्षणाच्या रांगेत लागली.

"गुड मॉर्निंग सर!" अण्णा हात मागे बांधून मशिनशेजारी उभे होते.

"फुल," देवव्रत म्हणाला.

सुलक्षणाने हिरव्याकडे बघितलं. मग लाल नोझल उचललं. अकरा महिने संपले, एवढंच तिच्या डोक्यात आलं. रडूही आलं नाही.

"झिरो बघा, साहेब."

या वेळी त्याने बघितलं. मशिनवरच्या झिरोकडे, तिच्या हातातल्या लाल नोझलकडे, मग मास्कच्या वर तिच्या डोळ्यांत. त्याने काच पूर्ण खाली केली.

"लाल नको," तो म्हणाला. "दर रविवारचंच घाला, सिद्धेशच्या आई."