दोघींची खोली

"घरी काय अडचण आहे?" प्राध्यापकांनी समोर बसलेल्या मुलीला विचारलं. वसतिगृहात खोली मागायला आलेल्या प्रत्येकीला ते हाच प्रश्न विचारत. या खेपेला घर त्यांचं होतं आणि मुलगीही त्यांचीच.

"घरी अभ्यास होत नाही," लेक म्हणाली.

शेजारी बसलेल्या अधीक्षिकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे प्राध्यापकांचं क्वार्टर होतं. दोरीवर त्यांचे सदरे वाळत होते.

खोलीवाटप समितीचे अध्यक्ष म्हणून प्राध्यापकांचा दरारा होता. लांबून आलेल्या मुलींना ते रडकुंडीला आणत, मग हाकेच्या अंतरावरच्या मुलीला काय खोली देणार? नकार द्यायचा हे त्यांनी सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. पण रीतसर द्यायचा. घरचं माणूस म्हणून वेगळं वागवलं, असं कुणी म्हणायला नको.

"का होत नाही अभ्यास?"

"पुस्तक उघडलं की हाक येते. चष्मा कुठंय, किल्ली कुठंय, पाहुणे आलेत, चहा टाक."

"हे सगळं तर तुझी आई बघते. तुला कोण हाक मारतंय?"

"हो ना. आईच बघते."

हा मुद्दा प्राध्यापकांना आपल्याच बाजूचा वाटला. अधीक्षिकाबाईंना नीट ऐकू जावा म्हणून त्यांनी तो मोठ्यानं पुन्हा मांडला. मग जरा घाबरवून पाहिलं. "एकटीच्या खोल्या संपल्या. चौघींच्या खोलीत एक खाट आहे. तिथं एक घोरते आणि एक गाते."

"मला दोघींची हवीय, बाबा."

"ती दोघींनी मिळून मागायची असते. जोडीदारीण समितीपुढं हजर करायची. नियम आहे."

नियम त्यांनीच केला होता. लेकीच्या सगळ्या मैत्रिणींची सोय लागून गेली आहे, याची खात्रीही त्यांनी कालच करून घेतली होती. त्यामुळे त्यांना उदार व्हायला हरकत नव्हती. "आण जोडीदारीण. लगेच देतो खोली."

"नंतर फिरवाल."

"शब्द दिला. बाई आहेत साक्षीला."

अधीक्षिकाबाईंनी मान डोलावली. जरा जास्तच तत्परतेनं.

लेकीनं उठून दार उघडलं. "ये गं आई."

प्राध्यापकांची बायको आत आली. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र होतं, कोरं करकरीत. लग्नापायी अर्धवट सुटलेलं एम.ए. पुरं करायला तिनं यंदा प्रवेश घेतला होता. ही बातमी तिनं नवऱ्याला जेवताना दोनदा दिली होती. दोन्ही वेळा त्यांनी मीठ मागितलं होतं.

प्राध्यापक उठून उभे राहिले, आणि आपण अध्यक्ष आहोत हे आठवून पुन्हा बसले. नियमात कुठं फट सापडते का, हे त्यांनी मनातल्या मनात चाचपून पाहिलं. सापडेना. नियम फार काळजीनं केला होता.

"अगं पण," ते आवाज उतरवून म्हणाले, "दोघी इथं आलात तर घरी कोण राहणार?"

तिनं खुर्ची ओढली, लेकीशेजारी ऐसपैस बसली आणि म्हणाली, "तुम्ही."